पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डसाठी इंधन-फिल्टर: मायक्रॉन किती, आणि तो बसवायचा कुठे?

कर्लीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. देवबागला आमच्या दोन फायबर बोटी आहेत. एकीला ४० अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि दुसरीला ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक; दोन्ही आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली. दोन्ही पेट्रोलवर चालतात आणि दोन्ही पर्यटकांना संगमापर्यंत नेण्या-आणण्याच्या कामात असतात. पावसाळ्यात चार महिने बोटी वर ओढून ठेवलेल्या होत्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वेगात परतत असताना ६० चे इंजिन ५,२०० फेऱ्यांवरून ३,००० वर आले, दोन वेळा अडखळले आणि बंद पडले. ओहोटी जोरात होती आणि बोट खाडीच्या मुखाकडे ओढली जात होती. बोटीत आठ प्रवासी होते. पुतण्याने नांगर टाकला, खलाशी प्रायमर बल्ब (इंधननळीतला हाताने दाबायचा रबरी पंप) दाबत बसला, आणि चौथ्या प्रयत्नात इंजिन कसेबसे चालू झाले.

किनाऱ्यावर आल्यावर झाकण उघडले. इंजिनाच्या स्वतःच्या छोट्या पारदर्शक फिल्टरच्या कपात लाल कडी असते. ती तळाशी असायला हवी, पण वर तरंगत होती. टाकीच्या तळातून निघालेले गढूळ पाणी चहाच्या ग्लासभर भरले. तालुक्याच्या एका दुकानात विचारले असता त्यांनी मोटरसायकलचा प्लास्टिकचा फिल्टर काढून दिला आणि "सगळे हाच बसवतात" असे सांगितले. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला.

आता नीट काहीतरी बसवायचे आहे. बाजारात २, १०, २५ आणि ३० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर दिसतात. जितका बारीक तितका चांगला, असे समजून २ मायक्रॉनचा घ्यावा काय? तो बल्बच्या आधी बसवावा की नंतर? आणि आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा या सगळ्याशी काही संबंध आहे काय?

पाना_पक्कड

मी गेली बरीच वर्षे आउटबोर्डची दुरुस्ती करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. २ मायक्रॉनची काडतुसे मुख्यत्वे डिझेलसाठी असतात, कारण डिझेलच्या इंजेक्शन पंपातील अंतरे फार सूक्ष्म असतात. पेट्रोल आउटबोर्डसाठी पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा, फिरवून घट्ट करायचा डबा ही आज सर्वसाधारणपणे मान्य झालेली निवड आहे. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनाला २५ मायक्रॉनचाही चालतो, पण इंजेक्शनच्या इंजिनाला मी १० च्या वर जाऊ देत नाही. आपले ६० चे इंजिन इंजेक्शनचे असेल, तर त्याच्या आत बाष्प वेगळे करणारी एक लहान टाकी असते आणि तिच्यातही एक जाळी असते. ती तुंबली की इंजिनाचा अर्धा भाग उकलावा लागतो. बाहेरचा फिल्टर मुख्यतः तिच्या रक्षणासाठी असतो.

मायक्रॉनपेक्षा मोठा प्रश्न प्रवाहाचा आहे, आणि तो आपल्याकडे कोणी विचारत नाही. एक ठोकताळा सांगतो. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन ताशी साधारण अश्वशक्तीच्या एक-दशांश इतके अमेरिकन गॅलन पेट्रोल पिते. म्हणजे ६० अश्वशक्तीला ताशी ६ गॅलन, सुमारे २३ लिटर. शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल तासाला जेमतेम एक लिटर पिते. तिच्यासाठी बनवलेल्या कागदी फिल्टरमधून आपण वीसपट पेट्रोल ओढायला निघालो आहोत. शिवाय त्यात पाणी अडवायची काही सोयच नसते. याउलट आउटबोर्डसाठी मिळणारे सेपरेटर, म्हणजे पाणी वेगळे करणारे हे डबे, ताशी ६० किंवा ९० गॅलन प्रवाहाचे असतात. २३ लिटरांची गरज आणि २२७ लिटरांची क्षमता, ही ऐषाराम वाटेल. पण फिल्टर अर्धा भरल्यावरही इंजिनाला ओढ पडत नाही, ती याच मोकळ्या जागेमुळे.

रॅकॉर कंपनीचा एस३२१३ हा तळाशी पारदर्शक वाटी जोडता येणारा १० मायक्रॉनचा डबा आउटबोर्डवाल्यांमध्ये प्रचलित आहे. यामाहा, मर्क्युरी यांचेही आपापले डबे मिळतात. डब्याचा आटा आणि तो ज्याच्यावर फिरवून बसतो त्या वरच्या डोक्याचा आटा जुळतो की नाही, हे दुकानातच फिरवून पाहावे.

जेट्टीवरून

मी मतभेद नोंदवतो. आमच्या बोटीला दहा-बारा वर्षे मोटरसायकलचाच फिल्टर आहे, दर महिन्याला बदलतो आणि काही बिघडलेले नाही. चार हजारांचे डबे लावण्यापेक्षा पेट्रोल फडक्यातून गाळून भरावे. आमचे जुने तांडेल सांगत, "पाणी खाली रवता, पेट्रोल वर तरंगता; मगे बघ." त्यांनी एकदाही टाकी शेवटच्या चार बोटांपर्यंत रिकामी होऊ दिली नाही.

रसायनवाला

तांडेलांचे म्हणणे त्यांच्या काळच्या पेट्रोलसाठी अगदी खरे होते. मात्र ते पेट्रोल आता राहिलेले नाही. २०१३-१४ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचले, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) मिळू लागले आणि २०२५ मध्ये बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागले. त्यामुळे "दहा वर्षे काही झाले नाही" हा अनुभव पुढच्या दहा वर्षांना लागू करता येत नाही.

शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. ते तळाशी थेंबाथेंबाने बसते आणि फिल्टरला ते वेगळे करता येते. इथेनॉल मात्र पाण्याला धरून ठेवते. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण १५ अंश तापमानाला आकारमानाच्या अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकते. २४ लिटरच्या टाकीत हे सुमारे १२० मिलिलिटर होते. ई-२० ची मर्यादा याहून अधिक आहे. या मर्यादेच्या आत पाणी विरघळलेले असल्याने फिल्टरला ते दिसतच नाही, आणि थोड्या प्रमाणात ते इंजिनातून जळूनही जाते. अडचण मर्यादा ओलांडल्यावर सुरू होते. तेव्हा केवळ जास्तीचे पाणी खाली बसत नाही; ते इथेनॉललाही सोबत खाली ओढते. ई-२० च्या २४ लिटरांत इथेनॉल ४.८ लिटर असते. त्यातील मोठा भाग पाण्यासह तळाशी वेगळा थर करतो आणि टाकीतील ओढनळीचे तोंड नेमके त्याच थरात असते.

आता फिल्टरच्या वाटीचे माप आठवावे. तिच्यात काही शे मिलिलिटर मावतात, आणि खाली लिटरच्या लिटर थर साचलेला असतो. शिवाय पाणी अडवणारा कागद निव्वळ पाण्याच्या थेंबांसाठी बनवलेला असल्याने इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणाला तो तितक्या खात्रीने अडवत नाही. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो, कारण तो इथेनॉलमुळेच वाढलेला असतो. एकदा थर पडले की कोणतेही औषध घालून ते पुन्हा एकजीव होत नाहीत. ती टाकी रिकामी करणे हाच उपाय आहे.

धागाकर्त्यांनी टू-स्ट्रोकबद्दल विशेष दक्ष राहावे. आपण त्यात ५० ला १ या प्रमाणात तेल मिसळत असाल, तर ते तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. तळाचा थर ओढला गेला की इंजिनाला तेल मिळतच नाही. फोर-स्ट्रोक अशा वेळी बंद पडते. टू-स्ट्रोकचा पिस्टन चिकटतो.

कर्लीकाठ

ही माहिती नवीन आहे आणि काळजीत टाकणारीही आहे. पण पाणी मुळात येते कोठून? बोटी शेडमध्ये होत्या, पावसात नव्हत्या. आणि निघालेला द्रव निव्वळ पाणी होता की तो दुसरा थर, हे ओळखण्याचा काही घरगुती मार्ग आहे काय?

रसायनवाला

हवेतील दमटपणामुळे इंधनात पाणी शिरते हे खरे असले, तरी टाकीच्या हवेच्या झडपेवाटे होणारी ही क्रिया संथ असते. कोकणात ग्लासभर पाणी बहुधा झाकणाच्या चिरलेल्या रबरी कडीतून किंवा उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून येते. कॅनच्या झाकणाभोवतीच्या खोबणीत साचलेले पाणी झाकण उघडताना आत पडते, हे एकदा स्वतः पाहावे.

ओळखण्यासाठी काचेच्या उंच बाटलीत नमुना घ्यावा आणि त्यात मिठाईत घालतात तो पाण्यात विरघळणारा रंग दोन थेंब टाकावा. पेट्रोल रंग घेत नाही. पाणी घेते, आणि इथेनॉल-पाण्याचा थरही घेतो. रंगीत थर तळाशी बोटभर असेल तर साधे पाणी असण्याची शक्यता जास्त. बाटलीतल्या पेट्रोलच्या मानाने तो बराच जाड असेल, तर थर फुटलेले आहेत.

पंपावरील पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे याचा अंदाजही घेता येतो. मापाच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवावे व स्थिर होऊ द्यावे. खालचा थर १० वरून ३० च्या जवळपास गेला, तर इथेनॉल सुमारे २० टक्के आहे. हे सर्व उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे.

साउंडवरचा_मराठी

मी लाँग आयलंडला राहतो. मूळचा वेंगुर्ल्याचा आहे, म्हणून हा धागा वाचताना अनेक गोष्टी ओळखीच्या वाटल्या. आमच्याकडे हा पेच वीस वर्षांपूर्वी येऊन गेला. न्यूयॉर्क राज्यात जानेवारी २००४ पासून पेट्रोलमधील एमटीबीई हे ऑक्टेन वाढवणारे रसायन बंद झाले आणि त्याच्या जागी इथेनॉल आले. त्यानंतर जुन्या बोटींतील फायबरग्लासच्या अंगभूत टाक्यांचा राळेचा भाग इथेनॉलने विरघळू लागला आणि तो काळा चिकटा थेट इंजिनाच्या झडपांवर जाऊन बसला. कोणताही फिल्टर तो अडवू शकत नव्हता, कारण तो पेट्रोलमध्ये विरघळलेला होता. आपल्याकडील प्लास्टिकच्या सुट्या टाक्यांना हा धोका नाही, परंतु कोणी कारागिराकडून बोटीच्या तळातच फायबरची टाकी बनवून घेतली असेल, तर तिच्या राळेची जात तपासावी.

दुसरा अनुभव असा, की इथेनॉल हे उत्तम धुणारे द्रव्य आहे. जुन्या टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला डिंक ते सोडवते. त्यामुळे नवा फिल्टर लावल्यावर पहिले दोन-तीन डबे लवकर भरतात. लोक समजतात की फिल्टर खराब निघाला. खरे म्हणजे तो आपले काम करत असतो. जवळ दोन जादा डबे ठेवूनच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट. येथील बहुतेक आउटबोर्ड-उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात, आणि १५ टक्क्यांचे पेट्रोल बोटींत वापरण्यास येथे कायद्यानेच मनाई आहे. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते ई-२० भरण्यापूर्वी अवश्य पाहावे.

पाना_पक्कड

वरील मुद्द्याला पुस्ती जोडतो. पुस्तिकेत १० टक्के लिहिलेले असते आणि पंपावर २० मिळते, ही आज किनाऱ्यावरील प्रत्येकाची अडचण आहे. फिल्टर ती सोडवू शकत नाही. आपल्या हातात राहते ते इतकेच: पेट्रोल साठवायचे नाही. आठवड्यात संपेल इतकेच आणावे. मेअखेर हंगाम संपला की सुट्या टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, उरलेले पेट्रोल स्कूटरमध्ये घालावे आणि कार्बोरेटरचे इंजिन नळी काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, अर्थात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पुरवठा लावूनच. सप्टेंबरात मे महिन्याचे पेट्रोल वापरणाऱ्यांच्या इंजिनांवर माझे निम्मे दुकान चालते, तरीही सांगतो.

आता बसवण्याविषयी. क्रम टाकी, सेपरेटर, बल्ब, इंजिन असा ठेवावा. बल्ब फिल्टरनंतर असला की फिल्टर तुंबल्याची बातमी तोच देतो. चालत्या इंजिनात बल्ब चपटा झालेला दिसला, तर अडथळा बल्बच्या आधी आहे: टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, ओढनळीची जाळी भरली असेल किंवा फिल्टर भरला असेल. बल्ब चपटा नाही, पण तो दाबत राहिल्यासच इंजिन चालते, असे असेल तर बहुधा कोठेतरी हवा आत येते आहे किंवा इंजिनाचा इंधनपंप थकला आहे. ऑक्टोबरातील प्रसंगात आपण बल्ब पाहिला असता, तर अर्धे निदान तेथेच झाले असते. बल्ब भरताना बाण वर करून उभा धरावा, म्हणजे आतील झडपा नीट बसतात.

नळी ६० च्या इंजिनाला आतून १० मिलिमीटरची असावी, ४० ला ८ चालते. नळी निवडताना आयएसओ ७८४० किंवा ८४६९ असे त्यावर छापलेले पाहावे. पहिली अग्निरोधक आहे आणि बंदिस्त इंजिनकक्षात तीच वापरावी. बागेची पारदर्शक नळी इथेनॉलने कडक होते आणि क्लिपेपाशी तडकते. फिल्टरचे डोके खाऱ्या हवेला टिकणारे घ्यावे. स्वस्त डोक्यांवर सहा महिन्यांत पांढरी पूड जमते आणि मग डबा फिरतच नाही. डबा बसवण्यापूर्वी त्याच्या रबरी कडीला तेलाचे बोट लावावे, कडी टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्यावा आणि पाना वापरू नये. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचे धागे सुटतात आणि फिल्टरच्या पुढच्या आट्यावरून सुटलेला धागा सरळ जेटमध्ये (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात) जातो. पेट्रोलला टिकणारे द्रवरूप सीलंट मिळते, ते लावावे.

वाळूचा_दांडा

माझी बोट जुनी आहे आणि तिच्यात आतमध्ये बसवलेले पेट्रोल इंजिन आहे. पारदर्शक वाटीचा हाच फिल्टर चालेल काय? काही जण ट्रकचा डिझेल सेपरेटर लावतात, तो भक्कम धातूचा असतो.

साउंडवरचा_मराठी

आतल्या पेट्रोल इंजिनाला प्लास्टिकची वाटी चालणार नाही, आणि या बाबतीत सवलत घेऊ नये. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांनुसार अशा बोटीतील इंधन-फिल्टर अडीच मिनिटे ज्वाळेत टिकला पाहिजे. प्लास्टिकची वाटी वितळली की तिच्यातले पेट्रोल आगीवरच ओतले जाते. आउटबोर्डचा फिल्टर उघड्या हवेत असतो, म्हणून तेथे ती खपते. आपण धातूची वाटी असलेला, पेट्रोलच्या बोटींसाठीच बनवलेला डबा घ्यावा. ट्रकचा सेपरेटर भक्कम दिसतो, पण त्याच्या सीलांची पेट्रोल आणि इथेनॉलसाठी कोणी हमी दिलेली नसते. डिझेल गळले तर डेक निसरडा होतो. बंद कक्षात पेट्रोल गळले तर त्याची वाफ तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते.

जेट्टीवरून

फडक्याविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो, कारण काल रंगाचा प्रयोग केला. आमच्या कॅनमधील नमुन्यात तळाशी तीन बोटे थर रंगला आणि तो फडक्यातून सरळ पार झाला. पाणी अडवणारी जाळी असलेले नरसाळे मिळते, ते उपयोगी पडेल काय?

रसायनवाला

टेफ्लॉनचा थर दिलेल्या जाळीचे नरसाळे मोकळे पाणी आणि कचरा चांगला अडवते. विरघळलेले पाणी त्यातूनही जातेच. तीन बोटे थर मात्र नरसाळ्याचा विषय नाही, तो कॅन रिकामा करण्याचा विषय आहे. सुट्या टाक्या भरताना त्या बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवाव्यात. फायबरच्या डेकवर ठेवून भरल्यास स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

कर्लीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. ६० च्या इंजिनाला पारदर्शक वाटीचा १० मायक्रॉनचा सेपरेटर आणि १० मिलिमीटरची नवी नळी लावली. पाना_पक्कड यांनी व्यक्तिगत निरोपातून सुचवल्याप्रमाणे इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये तात्पुरता व्हॅक्यूम गेज (नळीतली ओढ मोजणारे मापक) जोडून पाहिला. जुन्या जोडणीवर पूर्ण वेगात काटा पाऱ्याच्या साडेपाच इंचांवर जात होता. उत्पादकांची मर्यादा इंजिनानुसार दोन ते चार इंचांच्या दरम्यान असते, असे कळले. मोटरसायकलच्या फिल्टरच्या तोंडाला बसावी म्हणून दुकानदाराने मध्येच ६ मिलिमीटरच्या नळीचा तुकडा घातला होता. पाण्याची गोष्ट खरी होतीच, पण पाणी नसते तरी या तुकड्यामुळे दुपारच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ झाली असती. नव्या जोडणीवर काटा दोनच्या थोडा खाली राहतो.

४० च्या टू-स्ट्रोकलाही तसाच डबा लावला आहे. त्याची टाकी धुऊन झाकणाची कडी बदलली. खलाशाला सकाळी पहिली फेरी निघण्यापूर्वी वाटीकडे पाहण्याची आणि थेंब दिसल्यास तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत काढण्याची सवय लावली आहे. डबा शंभर तासांनी बदलायचा ठरवले आहे; दिवसाला सहा तास चालले तर सतरा दिवसांत शंभर तास होतात, म्हणून डबा बदलण्याची तारीख त्याच्यावरच रंगाने लिहून ठेवतो.

एक कबुली द्यायची आहे. आठव्या दिवशी ४० च्या वाटीत पांढरे, केसासारखे बारीक धागे तरंगताना दिसले आणि मी ते इथेनॉलने सोडवलेला कचरा म्हणून फोटो काढून पाना_पक्कड यांना पाठवले. तो कचरा नव्हता. टाकीकडच्या आट्यावर मीच घाईत गुंडाळलेली टेप होती. आट्याला आता सीलंट लावले आहे, आणि इंजिनाकडच्या बाजूचा आटाही उद्या उघडून पाहणार आहे, कारण तेथे टेप लावली होती की नाही, हे मला नक्की आठवत नाही.